नाव पुसून विकलेला आवाज

स्वस्त वस्तूची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न संगीताच्या बाजारालाही विचारला पाहिजे, असे मी मानतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यातील रिचमंड येथे स्टार पियानो कंपनी 'जेनेट' नावाने तबकड्या काढीत असे. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदातला तरुण लुई आर्मस्ट्राँग प्रथम ध्वनिमुद्रित झाला तो येथेच. त्याच दशकात ह्याच कारखान्याने कू क्लक्स क्लॅनच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या. भांडवलाला काळ्यांचा आवाज चालत होता आणि त्यांच्या वैऱ्यांचाही.

१९२५ मध्ये जेनेटने 'चँपियन' ही स्वस्त तबकड्यांची शाखा काढली. ध्वनिमुद्रण पुष्कळदा जेनेटचेच. गायकाचे नाव मात्र बदललेले. नाव बदलले की मानधनही चुकवता येई. ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी चँपियनवर 'बिग बिल जॉन्सन' झाला, तर 'पर्फेक्ट' ह्या दुसऱ्या स्वस्त छापावर 'सॅमी सॅम्पसन'. गोऱ्या गायकांचीही नावे अशी बदलली जात, हे खरे. परंतु ज्यांच्या पूर्वजांची नावे गुलामगिरीने हिरावली होती, त्यांच्या बाबतीत ह्याला निव्वळ व्यापार म्हणता येत नाही.

पुढे संग्राहकांनी तबकड्यांवरील क्रमांक आणि कंपनीच्या नोंदवह्या ताडून अनेकांची खरी नावे शोधून काढली. बुडालेले मानधन मात्र त्या गायकांना मिळाले नाही. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच : गाणे टिपून घ्याल तेव्हा आधी गाणाऱ्याचे नाव लिहा.