घरबसल्या शिका, पण एकटीने नव्हे!

मैत्रिणींनो, लग्नानंतर राहिलेलं शिक्षण पुन्हा सुरू करायचं ठरलं, की आपण काय विचारतो? फी किती, पुस्तकं कोणती, परीक्षा कधी. ‘बरोबर कोण आहे?’ हे मात्र कुणी विचारत नाही. आणि आमच्या रिसोडला मी जे पाहते त्यावरून सांगते, बाईचं शिक्षण अडतं ते बहुधा इथेच. धडा कठीण म्हणून नव्हे, तर ‘कठीण आहे गं’ म्हणायला कुणी नसतं म्हणून.

घरी राहून शिकण्याची सोय काही नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, आणि राम ताकवले हे पहिले कुलगुरू. शिक्षक समोर नसतानाही धडा समजावा, अशी पुस्तकं तिथे तयार झाली. पण नुसती पुस्तकं देऊन विद्यापीठ थांबले नाही. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं काढली, संपर्कसत्रं ठेवली. इंग्लंडातल्या मुक्त विद्यापीठानेही १९७१ साली शिकवायला सुरुवात केली, तेव्हा रेडिओ-टी.व्ही.च्या पाठांबरोबर गावोगावी मार्गदर्शक नेमले होते. शिकायला सोबत लागते, हे जाणत्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

मग मोबाइल आला आणि ही सोबतच विसरली गेली! २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी पाहिलं ना? तासभर भाषण, पडद्यावर पन्नास नावं आणि सगळे मुके.

कॅनडातले अभ्यासक गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० साली एक सोपी गोष्ट मांडली. दुरून शिकताना तीन गोष्टींची जाणीव हवी: शिकवणाऱ्याची, विचारांची आणि सोबतच्या माणसांची. यातली एक जरी नसली, तरी वरण शिजतं पण फोडणीवाचून!

तुमच्यापैकी कुणी मोबाइलवरून शिवणाचे, इंग्रजीचे किंवा पाककृतीचे वर्ग घेत असाल, तर एवढं करून पाहा:

१. पहिला आठवडा ओळखीचा ठेवा. प्रत्येकीने नाव, गाव आणि ‘मला हे का शिकायचंय’ एवढं सांगावं.

२. पाच-सहा जणींचे गट करा. चाळीस जणींत लाजरी बाई बोलत नाही, पाच जणींत बोलते.

३. चित्रफीत दहा मिनिटांचीच करा आणि पुढे लगेच काम द्या. ब्लाऊजची कागदी कापणी करून प्रत्येकीने तिचा फोटो पाठवावा. दुसरीच्या कापणीतलं एक चांगलं आणि एक सुधारण्याजोगं सांगावं.

४. वेळेची सक्ती नको. फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तर बाईला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. सर्वांनी एकत्र बसायचा तास आठवड्याला एकच ठेवा, आणि तोही ध्वनिमुद्रित करून ठेवा.

५. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटा. शिवणीचा ताण, कणकेचा मऊपणा या गोष्टी हातालाच कळतात. फोनवर जे जमत नाही तेच नेमकं त्या दिवशी घ्या.

६. एखादी दोन आठवडे गप्प राहिली, तर गटात तिचं नाव घेऊन टोकू नका. तिच्या गटातल्या एकीने साधा फोन करावा: “काय गं, बरी आहेस ना?”

आणि हो, रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवली म्हणजे गट जमला असं मुळीच समजू नका! एकीच्या अडचणीला दुसरीने उत्तर दिलं, की गट जमला.

हे सगळं कशासाठी? अंगणवाडीची जागा असो की स्वतःचं शिवणयंत्र, शिक्षण पुरं झालं तरच बाईच्या हाती चार पैसे येतात. अर्ध्यावर सोडलेल्या अभ्यासाची फी परत मिळत नाही. घरच्यांचे ‘सांगितलं होतं ना’ हे बोल मात्र मिळतात. म्हणून प्रवेश घेताना शेजारच्या एकीला तरी बरोबर घ्या. दोघींचा अभ्यास एकीपेक्षा लांब टिकतो.