खल, खळ आणि रात्रपाळी

पसायदान सगळ्यांना पाठ असते. त्यातल्या 'खळ' म्हणजे दुष्ट या शब्दाने आणि त्याच्या भाऊबंदांनी आम्हा मुद्रितशोधकांच्या किती रात्री खाल्ल्या, ते मात्र कुठे छापून आलेले नाही.

एकदा 'अध्यक्षपदावरून रात्रभर खल' असा मथळा गेला. सकाळी फोन खणखणला, "आमच्या साहेबांना दुष्ट म्हणता?" मी समजावले. वैद्याच्या दगडी खलात औषध घोटतात, तसा बैठकीत विषय घोटायचा, तो हा खल. गृहस्थ निवळले. मग म्हणाले, "पटलं. पण साहेब त्या बैठकीला नव्हतेच हो!" दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. शब्द बरोबर होता, बातमीच चुकली होती.

'खलबत' ची गंमत वेगळी. एक नवशिका उपसंपादक ठामपणे सांगायचा, खलबत म्हणजे खलांची बात. खरे तर हा शब्द अरबी-फारसी 'खल्वत' वरून आला. त्याचा अर्थ एकांत. दुष्टपणाशी काही नाते नाही. पोरगा ऐकेना. शेवटी ज्येष्ठांनी विचारले, "रायगडावर खलबतखाना आहे. तिथे महाराज कोणाशी मसलत करत होते, दुष्टांशी?" पोरगा गप्प झाला. पण वाचकांच्या मनातही हा शब्द इतका बदनाम, की बातमीत आम्ही 'गुप्त बैठक' असेच छापले.

खरी चुरस होती दोन बुजुर्ग मुद्रितशोधकांत. एकाचा आग्रह, शब्द संस्कृतातला, म्हणून 'खल'. दुसऱ्याचा, ज्ञानोबांनी 'खळ' लिहिले, म्हणून 'ळ' च. या 'ल' आणि 'ळ' पायी दोघे चहाला एकत्र जात नसत. एके रात्री वाद ऐकून पाने चिकटवणारे मामा डबा घेऊन आले. "खळ म्हणजे ही. पिठाची. हिच्यावाचून तुमचं पान उभं राहत नाही." वाद तेवढ्यापुरता मिटला.

मग कार्तिकातली ती रात्र. आळंदीच्या समाधी सोहळ्याचे पान छपाईला गेले होते. 'ळ' वाल्या बुजुर्गांनी सहज प्रूफ उचलले आणि चप्पल न घालता यंत्रापाशी धावले. लेखात वाक्य होते, 'ज्ञानेश्वरांनी खळांचा नाश मागितला.' यंत्र थांबवून ते म्हणाले, "नाश नाही मागितला. व्यंकटी सांडो म्हटलं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माणूस राहू दे, त्याचा वाकडेपणा जाऊ दे." संन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना वाळीत टाकले, त्यांतल्या एकाने शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात हे मागणे मागितले. दुष्टाचे वाईट व्हावे असा एक शब्द त्यात नाही.

दुरुस्तीचे प्रूफ निघाले. 'ल' वाल्यांनी चष्मा पुसला, प्रूफ ओढून घेतले. एका ठिकाणी चुकून 'खलांची' पडले होते. तो 'ल' त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि 'ळ' केला. त्या पहाटे दोघे एकाच टपरीवर चहा प्यायले.

आता कोणाच्या मजकुरात 'अमका दुष्ट आहे' असे आले, की मी समासात खूण करतो, 'त्याने काय केले ते लिहा.' तुम्हीही लिहिताना एवढे करा.