इतिहाससंग्रह : शोधावा कसा, वाचावा कसा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासाच्या पुस्तकांची कपाटे असतात आणि इतिहाससंग्रहही असतात. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजण्याची चूक सर्रास होते. कपाटांत इतिहासकारांनी अभ्यासान्ती लिहिलेले ग्रंथ असतात, तर संग्रहात त्या ग्रंथांच्याही आधी निर्माण झालेली सामग्री असते : पत्रे, हिशेब, वंशावळी, नकाशे, जुनी नियतकालिके, सरकारी अहवाल आणि जनगणनेचे खंड. त्या त्या काळातच तयार झालेल्या या सामग्रीला अस्सल किंवा प्राथमिक साधने म्हणतात आणि तिच्या आधारे नंतर लिहिलेल्या ग्रंथांना दुय्यम साधने म्हणतात. ग्रंथ एकटा घेऊन वाचता येतो, कारण त्याचा लेखक वाचकाला बरोबर घेऊन चालतो. कागदांच्या संग्रहाचे तसे नाही. तो कोणी जमवला, कशासाठी जमवला आणि आजच्या जागी कसा पोहोचला, हे कळल्याशिवाय त्यातला एकही कागद पुरता बोलत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेशी आपले मूळ सांगणारी, १९३४ मध्ये बंद पडलेली, १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिलेली आणि आज अभिमत विद्यापीठ असलेली ही संस्था मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांसाठी प्रसिद्ध आहे. या कागदपत्रांचा गाभा मात्र पुण्यात जमलेला नाही. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी आयुष्यभर खटपट करून जी कागदपत्रे, चित्रे आणि वस्तू मिळवल्या, त्यांचे साताऱ्यात संग्रहालय झाले आणि पुढे तो संग्रह डेक्कन कॉलेजात आला. त्यात मेणवली दप्तर आहे. दप्तर म्हणजे एखाद्या कचेरीत किंवा घराण्यात कामकाजाच्या ओघात साठत गेलेल्या कागदांचा समूह. मेणवली हे वाईजवळचे कृष्णाकाठचे गाव असून तेथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशव्यांचा हा कारभारी वेगवेगळ्या दरबारांत नेमलेल्या वकिलांकडून, म्हणजे त्या काळच्या राजदूतांकडून, सतत बातम्या मागवीत असे. याच दप्तरातील नागपूरकर भोसल्यांसंबंधीची निवडक पत्रे त्र्यं. शं. शेजवलकर यांनी संपादित केली आणि डेक्कन कॉलेजने त्यांचा पहिला खंड १९५४ मध्ये प्रसिद्ध केला.

एवढी माहिती हाती असली की वाचन बदलते. ही पत्रे नागपूरची असली तरी ती पुण्याच्या कारभाऱ्यासाठी लिहिलेली आहेत, म्हणून पुण्याला जे जाणून घ्यायचे होते ते त्यांत तपशिलाने येते, तर नागपूरच्या रयतेला काय वाटत होते हे त्यांत आलेच तर ओझरते येते. कागद खोटा नसतो, पण तो कोणाच्या तरी गरजेतून जन्मलेला असतो आणि ती गरजच त्याची मर्यादा ठरवते. संग्रहाच्या स्थलांतराचीही नोंद अशीच उपयोगी पडते : मुंबई सरकारने जमवलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा मोठा साठा एके काळी डेक्कन कॉलेजात होता, परंतु १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर तो तिकडे गेला, त्यामुळे जुन्या ग्रंथातील तळटीप डेक्कन कॉलेजकडे बोट दाखवत असली तरी ते हस्तलिखित पाहण्यासाठी आज भांडारकर संस्थेत जावे लागते.

संग्रह शोधण्याची सुरुवात ग्रंथालयाच्या सूचीपासून होते. बहुतेक विद्यापीठांची सूची आता संगणकावर असून लेखक, शीर्षक आणि विषय या तिन्ही वाटांनी तिच्यात शिरता येते. ड्यूई दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात भारताच्या इतिहासाला ९५४ हा क्रमांक असतो, शि. रा. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात इतिहासासाठी रोमन ‘व्ही’ आणि भारतासाठी ४४ हे चिन्ह वापरतात. परंतु इतिहासाची साधने केवळ या क्रमांकाखाली सापडत नाहीत. एखादी बखर मराठी साहित्याच्या ८९१.४६ या क्रमांकावर असू शकते आणि गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची भूमी, लोक, शेती, व्यापार आणि इतिहास यांची सरकारने सिद्ध केलेली माहिती, भूगोलात किंवा संदर्भविभागात ठेवलेली असते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलेले निवेदन ज्याला आयोगाच्या मूळ कागदपत्रांत पाहायचे असेल, त्याने इतिहासाचे कपाट सोडून शासकीय प्रकाशनांच्या विभागात जावे, कारण ते आयोगापुढील साक्षीपुराव्यांचा भाग आहे. बहुजन समाज, स्त्रिया आणि कारागीर यांच्या इतिहासाचे बरेच धागे अशा अहवालांत, जनगणनेत आणि जुन्या वृत्तपत्रांत विखुरलेले असल्यामुळे विषयाच्या एकाच क्रमांकावर थांबणाऱ्या वाचकाला ते दिसतच नाहीत.

सूचीत शोधताना नावांच्या लेखनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एकाच लेखकाची पुस्तके देवनागरीत एका प्रकारे आणि रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे नोंदलेली असतात. पुणे, मुंबई, वसई यांची नावे जुन्या इंग्रजी प्रकाशनांत इंग्रजी अमदानीतील रूपांत येतात. परदेशी ग्रंथालयांत मराठी शीर्षके ठरावीक नियमांनी रोमन लिपीत उतरवलेली असून त्यांत शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’ सुद्धा लिहितात. हे ठाऊक नसलेल्या मराठी माणसाला तेथे असलेले पुस्तक नाही असे वाटते. अमेरिकेतील विद्यापीठांत मराठी पुस्तकांचे मोठे साठे आहेत आणि त्यांनाही स्वतःचा इतिहास आहे. १९५४ च्या ‘पीएल ४८०’ या कायद्यान्वये अमेरिकेने भारताला धान्य दिले आणि त्याची किंमत रुपयांत स्वीकारली. या रुपयांचा काही भाग भारतीय प्रकाशने विकत घेण्यासाठी वापरण्यात आला आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीमार्फत मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके शिकागो, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया आदी विद्यापीठांकडे जाऊ लागली. अन्नटंचाईच्या काळातील धान्यखरेदीने परदेशातील मराठी ग्रंथसंग्रह वाढवला, ही गोष्ट संग्रहांमागील कारणे किती अनपेक्षित असतात हे दाखवून देते.

हस्तलिखित कागदांकडे वळण्यापूर्वी छापील साधने पाहून घेणे हा जाणत्या संशोधकांचा शिरस्ता आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि ही माला २२ खंडांपर्यंत गेली, गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत संपादित केले. विद्यापीठांनीही हे काम केले आहे : कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार असल्यामुळे त्यांच्या संपादनाखाली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाली. अशा खंडांची प्रस्तावना प्रथम वाचावी, कारण कोणते कागद घेतले आणि कोणते गाळले याचा खुलासा संपादक तेथेच करतो. ‘निवडक’ या शब्दाचा अर्थच असा की कोणीतरी निवड केली आहे, आणि संपादकाला जे बिनमहत्त्वाचे वाटले तेच आजच्या वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर असू शकते. मुद्रित मराठी पुस्तकांचा माग काढायचा असेल तर शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची हा भरवशाचा आधार आहे.

त्यानंतर मूळ कागदांची पाळी येते. त्यासाठी अर्ज, ओळखपत्र आणि बहुधा मार्गदर्शकाचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र लागते. जुने कागद रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, ठेवण्याची परंपरा आहे. म्हणून कागदाबरोबर रुमालाचा क्रमांकही टिपून घ्यावा आणि रुमालातील क्रम बदलू नये, कारण शेजारचा कागद हाही पुरावा असतो. टिपणे शिसपेन्सिलीने घ्यावीत, छायाचित्रासाठी लेखी परवानगी मागावी आणि ग्रंथपालाला नुसते पुस्तकाचे नाव न विचारता आपला प्रश्न सांगावा. दाखलनोंदवहीत किंवा हस्तलिखित याद्यांत असलेली पण संगणकीय सूचीत न आलेली सामग्री दाखवू शकणारा जाणकार तोच असतो.

कागद हाती आला तरी लिपी आणि कालगणना हे दोन अडसर उरतात. जुने मराठी दप्तर मोडी लिपीत आहे. तिच्यात शब्द न तोडता सलग लिहिले जातात आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही, त्यामुळे ती अभ्यासाने आणि सरावानेच वाचता येते. तारखेसाठी शालिवाहन शकाबरोबर सुहूर सन वापरला जाई. मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या या सनात वर्षाची संख्या अरबी शब्दांत लिहीत आणि चंद्रदर्शनापासूनची तिथी ‘छ’ या अक्षरापुढे देत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. १४ जानेवारी १७६१ चे पानिपतचे युद्ध या सुहूर ११६१ मध्येच पडते, तर शालिवाहन शक तेव्हा १६८२ चालू होता. हे गणित चुकले तर पत्रांचा क्रम उलटतो आणि परिणामाला कारण समजले जाते.

संगणकाने या वाटेवरचे काही श्रम निश्चित कमी केले आहेत. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात आणि चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची नव्या वाचकाला कोणत्या संग्रहात काय आहे हे सांगते; शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशियाई ग्रंथालयात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शोधता येते आणि जुन्या कागदांतील अडलेले शब्द तिच्यात पुष्कळदा सापडतात. तथापि पडद्यावर एकेकटे दिसणारे पान आपल्या रुमालापासून तुटलेले असते, म्हणून ते कोणत्या संग्रहातले आहे याची नोंद तेथेही घेतलीच पाहिजे.

हाच नियम घराघरांतील कागदांनाही लागू आहे. पारसनिसांना मिळालेले बहुतेक कागद कोणाच्या तरी वाड्यात किंवा माळ्यावर पडून होते. ज्यांच्या घरी आज असे मोडी कागद, जुन्या वह्या, नियतकालिकांचे संच किंवा एखाद्या चळवळीची पत्रके असतील, त्यांनी ती निवडून वेगळी न करता, आहे त्या क्रमाने, कोणाची आणि कोठून आली याच्या लेखी टिपणासह जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दाखवावीत. आणि ज्यांना आपल्या गावाचा, व्यवसायाचा किंवा समाजाचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्यांनी हे संग्रह केवळ प्राध्यापकांसाठी आहेत असे न मानता रीतसर अर्ज करून ते उघडून पाहावेत.