तालुक्याचे दोन मॅजिस्ट्रेट

बांधावरून कज्जा होतो, दोन्ही घरांना नोटीस येते आणि गावात बोलले जाते, 'मॅजिस्ट्रेटपुढे केस लागली.' पण कोणत्या मॅजिस्ट्रेटपुढे? तालुक्याला ते दोन असतात, आणि त्यांची गल्लत झाली की हेलपाटे व एस.टी.चे भाडे फुकट जाते.

कोर्टात बसतात ते न्यायदंडाधिकारी. कायद्याची पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते येतात; नव्या भरतीला तीन वर्षे वकिली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरवले. प्रथम वर्ग दंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड देऊ शकतात. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. टाकून दिलेली बायको किंवा थकलेले आईबाप पोटगी मागतात, तीही इथेच.

दुसरे आपले तहसीलदार, म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी. त्यांना वकिलीची पदवी लागत नाही. कुणी परीक्षा देऊन आलेले, तर कुणी नायब तहसीलदारीवरून चढलेले. गुन्ह्याची शिक्षा देणे हे त्यांचे काम नव्हे. मारामारी होऊ नये हे पाहायचे. त्यासाठी ते शांतता राखण्याचा मुचलका घेतात, जास्तीत जास्त एक वर्षाचा.

शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे ते कलम १६४. १ जुलै २०२४ पर्यंत हेच जुन्या संहितेत १४५ होते, आणि जुनी माणसे अजून तोच आकडा सांगतात. जमीन, पाणी किंवा उभे पीक यावरून दंगा होण्याची भीती असेल, तर प्रत्यक्ष कबजा कुणाचा होता एवढेच तहसीलदार ठरवतात. मालक कोण, हे ते ठरवत नाहीत. तो प्रश्न दिवाणी कोर्टाचा. मात्र धटिंगणाने जबरदस्तीने नांगर घातला, आणि पोलिसांचा अहवाल किंवा आपली खबर तहसीलदारांकडे पोचण्याआधी दोन महिन्यांच्या आत ते घडले असेल, तर कबजा आपलाच होता असे ते धरू शकतात. म्हणून पाहुण्यारावळ्यांच्या बैठकांत हे दोन महिने घालवणे महागात पडते.

शेतरस्ता किंवा पाटाचे पाणी अडवल्यास १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. खुर्ची तीच, काम निराळे. दावा सहा महिन्यांत लावावा.

कबजाच्या चौकशीला जाताना पीकपाहणीची नोंद असलेला सातबारा, पाणीपट्टीच्या पावत्या आणि शेजारच्या बांधावरचे दोन साक्षीदार सोबत न्यावेत.