उघडलेल्या लिफाफ्यांचा हिशेब
सरकारी टेंडर ‘ठरलेल्या’ माणसालाच मिळतं, ही लघुउद्योजकांची जुनी तक्रार. पण ते कोणाला, किती दराने मिळालं, हे आता घरबसल्या पाहता येतं.

ऑगस्ट 2016मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर एखाद्या संपलेल्या बोलीचा निकाल उघडावा. तांत्रिक छाननीत कोण टिकलं, कोण बाद झालं आणि उरलेल्यांचे दर काय, हे क्रमाने दिसतं. सर्वांत कमी दराचा तो एल-वन, त्यानंतरचा एल-टू. राज्याच्या ‘महाटेंडर्स’वरही निकाल असतात. समजा, सोलापूरच्या एखाद्या कारखानदाराला रुग्णालयांना चादरी पुरवायच्या आहेत. मागचे पाच-सहा निकाल शेजारीशेजारी मांडले, की दर साधारण कुठे स्थिरावतो, कोणतं कार्यालय केव्हा खरेदी करतं आणि स्पर्धेत नेहमी कोण असतं, याचा अंदाज येतो.

नियमांचीही साथ आहे. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, असं धोरण आहे; 2018पूर्वी हे प्रमाण 20 टक्के होतं. मोठ्या कंपनीचा एल-वन दर 100 रुपये आणि लघुउद्योजकाचा 112 असेल, तर फरक 15 टक्क्यांच्या आत असल्याने 100 रुपयांना तयार होऊन त्याला ऑर्डरचा काही हिस्सा मिळू शकतो. बयाणा रकमेतूनही सूट मिळते.

मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला या सवलती लागू नाहीत.