कासवांच्या गावी पाहुणे

बोर्निओच्या रानात दायक लोकांच्या लांबघरात जायचे तर पाहुणा आधी मुख्याची परवानगी विचारतो. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासलाही पाहुण्याने पाळायची रीत आहे, ती मात्र कासवांपायी.

तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते नि परत जाते. ही अंडी पूर्वी चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती कुंपणात राखायला घेतली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात; पानात येईल ते गोड मानावे. दोन पैसे गावात राहतात, म्हणून राखण परवडते.

पन्नासेक दिवसांनी निघालेली पिले सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. पिलू उजेडाच्या रोखाने चालते. रात्री हा उजेड समुद्रावरच्या आभाळाचा. पण किनाऱ्यावर विजेरी पेटली की ते उलटे फिरते आणि दमून मरते. तेव्हा विजेरी नको, मोबाईलचा दिवा नको, पिलू हातावर घेऊन फोटो तर मुळीच नको. दोरीच्या अलीकडेच उभे राहावे.

एखाद्या दिवशी पिले निघतच नाहीत. मग काही मंडळी गावकऱ्यांवरच रागावतात! त्यापेक्षा सावित्रीच्या मुखाशी असलेला बाणकोटचा किल्ला पाहून यावा. तो जवळच आहे.