क्लाउडवरील डेटाबेस आणि आपली जबाबदारी

संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या कानी 'क्लाउड डेटाबेस' हा शब्द वारंवार पडतो. क्लाउड म्हणजे ढग. पण माहिती काही ढगात नसते. ती दूरच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकावर असते व इंटरनेटने आपण तिच्यापर्यंत पोहोचतो. कसे, ते पोस्टग्रेस या विनामूल्य डेटाबेसच्या उदाहरणाने पाहू. त्याचे काम १९८६ साली अमेरिकेत, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाले.

त्याच्यासोबत 'पीएसक्यूएल' हा छोटा प्रोग्राम मिळतो. त्यात बटणे नाहीत, चित्रे नाहीत; आज्ञा टाइप करावयाची व उत्तर वाचावयाचे. जोडणीसाठी संगणकाचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड लागतात. पोर्ट सामान्यतः ५४३२ असतो. पासवर्ड आज्ञेतच लिहू नये, कारण टाइप केलेल्या आज्ञांची नोंद संगणकावर राहते. प्रोग्राम विचारील तेव्हाच द्यावा. 'एसएसएलमोड' हा पर्याय 'व्हेरिफाय-फुल' ठेवावा. त्यासाठी सेवा देणाऱ्याचे मूळ प्रमाणपत्र लागते. त्यामुळे मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि समोरचा संगणक खरा की तोतया, याचीही खात्री होते.

आत गेल्यावर 'बॅकस्लॅश डीटी' लिहिल्यास तक्त्यांची यादी दिसते. एसक्यूएलच्या आज्ञेशेवटी अर्धविराम हवाच. तो राहिला तर प्रोग्राम मुकाट्याने वाट पाहत बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. शिष्यवृत्तीच्या यादीतून एक नाव काढावयाचे आहे असे समजा. 'डिलीट' लिहिले आणि 'व्हेअर' ही अट विसरलो, तर सारी यादी पुसली जाते. प्रोग्राम 'खात्री आहे का?' असे विचारीत नाही. एरवी प्रत्येक आज्ञा तत्काळ कायम होते. म्हणून तीच अट लावून आधी 'सिलेक्ट'ने ओळी पाहाव्यात. मग 'बिगिन' लिहून 'डिलीट' द्यावे. किती ओळी गेल्या ते उत्तरात कळते. एकच ओळ जावयाची होती आणि ४०० दिसल्या, तर 'रोलबॅक' म्हणताच सर्व पूर्ववत होते. आकडा बरोबर असेल तरच 'कमिट' म्हणावे.

पडद्यावरील प्रत्येक ओळीमागे एखाद्या मुलाची फी, एखाद्या घराची आशा असते. ती ओळ जपणे हे या विद्येचे पहिले कर्तव्य आहे, असे आम्हास वाटते.